खोटा टाका

दिवाळी अंकातील ‘बाजारहाट’ या सदराकडून वाचकांच्या, आणि विशेषतः गृहिणींच्या, काही ठराविक अपेक्षा असतात. पैठणीचा काठ उलटा करून का पाहावा, तूप हुंगावे की कढवून पाहावे, कल्हईवाला भांडे परत देताना त्याची कोणती बाजू आपल्याकडे करतो, असल्या गोष्टी मी आजवर लिहीत आलो. यंदाचा विषय मात्र जरा पायाखालचा आहे. तो आहे बुटांचा; त्यातही नकली बुटांचा. आणि या खेपेला फसलेले गिऱ्हाईक व फसवणारा मनुष्य या दोन्ही भूमिका मीच पार पाडलेल्या असल्यामुळे, माहितीच्या अचूकपणाबद्दल वाचकांनी निःशंक असावे.

गोष्ट मागच्या भाऊबिजेपासून सुरू होते. माझी धाकटी बहीण पुण्याला असते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. त्याला दोन वर्षांपासून स्केटबोर्डचा नाद लागला आहे. ज्या घरांत हे खूळ अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी सांगतो : अडीच फुटांहून थोडी लांब अशी एक लाकडी फळी, तिच्याखाली चार चाके आणि तिच्यावर एक मुलगा, असे हे वाहन असते. आमच्या लहानपणी आम्हीही गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंगे फळकुटाला ठोकून उतारावरून घसरत असू. पण आम्ही बसून घसरत होतो. ही मंडळी उभी राहतात, आणि तेवढ्याने समाधान होत नाही म्हणून फळीसकट हवेत उडी मारतात. २०२१ साली टोकियोला झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला गेला, आणि २०२२ च्या गुजरातेतील राष्ट्रीय स्पर्धांतही त्याला जागा मिळाली. तेव्हा त्याला नुसते खूळ म्हणून झटकून टाकण्याची सोय आता मामालोकांना उरलेली नाही.

“मामा, बाकी काही नको. तेवढे बूट आण,” असा फोन दिवाळीच्या आठ दिवस आधी आला. मोठ्या दुकानात चौकशी केली, तेव्हा त्या बुटांची किंमत साडेसात हजार रुपये निघाली. मी हातातला बूट हळूच जागेवर ठेवला आणि पंख्याचा वारा घेत बाहेर आलो. दोनच दिवसांनी मुंबईच्या एका फुटपाथवर तेच बूट मला दिसले. तोच रंग, तीच खूण, तेच खोके, आत तोच पातळ कागद, जादा नाड्यांची तीच जोडी. विक्रेता म्हणाला, “फर्स्ट कॉपी आहे, साहेब. माल एकाच कारखान्यातला. फक्त मागच्या दाराने आलेला.” एकोणीसशेवरून सोळाशेला सौदा तुटला. सौदा तुटल्याचा मला कोण आनंद झाला होता!

भाऊबिजेला भाच्याने खोके उघडले आणि तो मला मिठीच मारून राहिला. बहीण म्हणाली, “दादा, अरे, एवढे महाग कशाला आणलेस?”

“असू दे गं,” मी म्हणालो.

त्या ‘असू दे’मध्ये पाच हजार नऊशे रुपयांचे खोटे होते. बोललो काहीच नव्हतो. पण ओवाळणीच्या तबकासमोर बसून गप्प राहणे हेही एक प्रकारचे बोलणेच असते.

संक्रांतीनंतर आठवड्याभराने बहिणीचा फोन आला. उडी मारून फळीवर उतरताना भाच्याच्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला होता. पाय आतल्या आत घसरून घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवड्यांची विश्रांती सांगितली होती. घोट्याची काळजी करण्यासारखे काही नव्हते. तिला राग आला होता तो दुकानदाराचा. “साडेसात हजारांचे बूट अडीच महिन्यांत उघडतात म्हणजे काय? तुझ्याकडे पावती असेल ना? जा आणि चांगला जाब विचार त्याला!”

पावती! मी म्हणालो, “शोधतो,” आणि फोन ठेवला.

पुण्याला जाण्यापूर्वी चार दिवस मी पावती शोधण्याऐवजी बुटांसंबंधी जे मिळेल ते वाचून काढले. मन खायला लागले की काही लोक देवळात जातात. सदर लिहिणारे लोक वाचनालयात जातात.

रबराच्या बुटाचा मूळ पुरुष म्हणजे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर. नुसते रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. त्यात गंधक मिसळून ते तापवले तर ते टिकाऊ आणि लवचिक होते, हे त्याला १८३९ साली समजले. या क्रियेला रोमन अग्निदेवतेच्या नावावरून ‘व्हल्कनायझेशन’ असे नाव पडले. पण गुडइयरचे नमुने पाहिलेल्या थॉमस हॅन्कॉकने इंग्लंडात त्याच्याआधी पेटंट पटकावले. नकलेचे दुखणे असे या धंद्याच्या जन्मापासूनचे आहे. आपल्या शोधाच्या हक्कासाठी कोर्टकचेऱ्या करता करता गुडइयर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला.

आपल्या शाळेतले पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात ना? खडू फासून शनिवारी घालायचे ते? ते याच घराण्यातले. कापडी अंग, रबरी तळ, दोहोंच्या सांध्यावरून फिरवलेली रबराची पट्टी, आणि मग सगळा बूट शंभराहून अधिक अंशांच्या भट्टीत भाजून एकजीव केलेला. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम गावी पॉल व्हॅन डोरेन याने १९६६ च्या मार्चमध्ये ‘व्हॅन्स’चे दुकान थाटले, तेव्हा तो असेच जाड तळाचे कॅनव्हासचे बूट मागच्या कारखान्यात बनवून पुढच्या दुकानात विकत असे. त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट ती कंपनी नेहमी सांगते. बारा गिऱ्हाइकांनी सकाळी बूट पसंत केले आणि दुपारी ते न्यायला आली, तर गल्ल्यात परत द्यायला सुटे पैसे नाहीत! मालकाने सांगितले, बूट घेऊन जा, पैसे उद्या आणून द्या. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा जणांनी पैसे आणून दिले. ही गोष्ट वाचताना मला माझ्या ‘असू दे’ची पुन्हा आठवण झाली.

त्या भागातल्या स्केटबोर्डवाल्या पोरांनी हे बूट उचलले, कारण त्यांचा तळ फळीला घट्ट धरून राहत असे. पोरांचा एकच पाय जास्त झिजतो हे पाहून व्हॅन डोरेन त्यांना एक एक बूटही सुटा विकू लागला. १९७६ साली टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोन खेळाडूंच्या सल्ल्याने घोट्यापाशी गादी असलेला बूट निघाला, आणि १९७७ साली कापडावर चामड्याच्या पट्ट्या शिवलेला. म्हणजे या बुटांतील प्रत्येक सुधारणेमागे कोणाचा तरी खरचटलेला घोटा किंवा फाटलेला अंगठा आहे.

चामडे कशासाठी, तेही सांगतो. फळीच्या पृष्ठभागावर आपल्या सुताराच्या पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील अ‍ॅलन गेलफँड या मुलाने हात न लावता फळी हवेत उचलण्याची युक्ती काढली. त्याच्या टोपणनावावरून तिला ‘ऑली’ म्हणतात. तीत मागचा पाय फळीची शेपटी जमिनीवर आपटतो आणि पुढचा पाय त्या पॉलिशपेपरवरून घासत वर जातो. दिवसाकाठी अशा शंभर उड्या मारणाऱ्या मुलाचा बूट करंगळीच्या बाजूने जणू कानशीने घासला जात असतो. असे हे बूट शोभेचे नसून हत्यारासारखे वापरायचे असतात.

आता नकलेविषयी. चीनमधील फूच्येन प्रांतात पूथ्यान नावाचे शहर आहे. १९८० च्या दशकात परदेशी कंपन्यांसाठी बूट बनवणारे कारखाने तेथे आले, कारागिरांचा हात बसला, आणि पुढे त्याच हातांनी नकलाही तयार होऊ लागल्या. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे २०१६ साली जगातील नकली मालाचा व्यापार ५०९ अब्ज डॉलरचा, म्हणजे एकूण जागतिक व्यापाराच्या ३.३ टक्के होता. आणि पकडलेल्या मालात किमतीच्या मानाने पहिला क्रमांक पादत्राणांचा होता. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली असा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मामाने भाच्याला तो भाऊबिजेला दिला तर काय, याविषयी कायदा मुका आहे.

एवढी शिदोरी बांधून मी रविवारी पुण्याला गेलो. भाच्याच्या एका मित्राने त्याच दिवाळीत तेच बूट मोठ्या दुकानातून घेतले होते, आणि दोघेही रोज बरोबरीने खेळत. त्याचे जुने झालेले बूटही मी मागून घेतले. अस्सल बूटही तितकाच फाटला असेल आणि आपण सुटू, अशी एक वेडी आशा मला होती, हे कबूल करतो. दोन्ही जोड पिशवीत घालून, लंगडणाऱ्या भाच्याला बरोबर घेऊन, मी त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील गटई स्टॉलवर गेलो. तिथले काका तीस वर्षे त्याच जागी बसतात.

काकांनी दोन्ही उजवे बूट समोर ठेवले आणि बराच वेळ नुसतेच पाहिले. माझी आशा अगदीच खोटी नव्हती. मित्राच्या अस्सल बुटालाही करंगळीपाशी चांगले रुपयाएवढे भोक पडले होते. मी म्हणालो, “बघा, हाही फाटलाच की!”

“हा फाटला नाही, साहेब, झिजलाय,” काका म्हणाले. “घासतो तिथंच झिजलाय. सांधा बघा की. तो कुठं हललाय?”

मग त्यांनी रापी घेतली. दोन्ही बूट एकाच पद्धतीचे, ज्याला धंद्यात ‘कपसोल’ म्हणतात तसे होते. यात रबराचा सोल वाटीसारखा असतो. बुटाचे वरचे अंग त्या वाटीत बसवतात, सोल्युशनने चिकटवतात, आणि शिवाय वाटीच्या कडेतून आरपार दोरा घालून चहूबाजूंनी शिवतात. बाहेरून पाहिले तर दोन्ही बुटांच्या कडेला टाक्यांची सारखीच सुरेख ओळ होती. काकांनी आतली गादी उचलली आणि अस्सल बूट माझ्यापुढे धरला. आतल्या कडेने दोऱ्याची ओळ स्पष्ट दिसत होती. मग नकलेची गादी उचलली. आत काहीच नव्हते, कोरी भिंत. बाहेरची ओळ दोऱ्याची नव्हतीच. साच्यातच टाक्यांचे ठसे कोरून रबर ओतले होते.

“हा टाका खोटा आहे,” काका म्हणाले.

पुढे एकेक गोष्ट आपोआपच उलगडत गेली. अस्सल बुटाच्या फाटक्या कडेचा एक तंतू कापून काकांनी काडी लावली, तर केस जळल्यासारखा वास आला. ते चामडे होते. नकलेचा तंतू आकसून काळा मणी झाला. तो प्लॅस्टिकचा धागा होता. खऱ्या चामड्याची लव जाडीभर असते, म्हणून ते हळूहळू पातळ होत जाते. नकलेची लव वरच्या थरापुरती. ती गेली की खाली जाळी. नकलेच्या गादीखालचा पुठ्ठा घामाने चहातल्या बिस्किटासारखा झाला होता. टाच अंगठ्याने दाबली तर अस्सल बुटाची टाच परत उभी राहिली, नकलेची आत गेली ती तशीच राहिली. ओल्या दगडावरून दोन्ही तळ ओढून पाहिले, तेव्हा एक अडला आणि दुसरा साबणासारखा सरकला.

“पण वरची शिलाई बघा,” काका नकली बूट डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले. “दोन्ही ओळी कशा सरळ आहेत. हात बसलेला माणूस आहे हा. त्याचा दोष नाही. चिकटवण्याआधी रबर खरवडावं लागतं, सोल्युशन वाळू द्यावं लागतं, मग तापवून दाबावं लागतं. याला तेवढा वेळच दिला नाही कुणी. गुळगुळीत रबरावरच चिकटवून मोकळे झाले. जे दिसतं तेवढ्यावर खर्च केलाय, बघा.”

आतापर्यंत भाचा काही बोलला नव्हता. तो म्हणाला, “काका, म्हणजे हे डुप्लिकेट आहेत?”

काकांनी माझ्याकडे पाहिले आणि बूट पुसू लागले.

“मामा,” भाचा म्हणाला, “दिवाळीनंतर लगेच तो म्हणाला होता मला, हे बूट कॉपी आहेत म्हणून. मी त्याच्याशी भांडलो. महिनाभर बोललो नाही त्याच्याशी. मी म्हटलं, माझा मामा खोटं देणार नाही.”

वाचकहो, तीन आठवड्यांत घोटा बरा होतो. या वाक्यावरची पट्टी अजून माझ्या मनावरून निघालेली नाही. मी त्याला तिथेच, त्या स्टॉलसमोर उभा राहून, सगळे सांगितले. फुटपाथ, सोळाशे रुपये आणि तो मागचा दरवाजा. संध्याकाळी बहिणीलाही सांगितले. ती ओरडेल असे वाटले होते. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मग म्हणाली, “दादा, पाचशेचे साधे आणले असतेस तरी त्याने नाचून घातले असते रे. आणि महाग हवेच होते तर मला म्हणायचे होतेस, अर्धे मी घातले असते.” तिच्यापुढे मला पैशांचा संकोच वाटावा, हे तिला बुटांपेक्षा जास्त लागले होते.

आता सदराच्या कर्तव्याला जागून, मला जे या प्रकरणात शिकायला मिळाले ते थोडक्यात सांगतो. बूट घेताना खोके, खूण आणि कागद पाहण्यात वेळ घालवू नये. नक्कल करणाऱ्याने सर्वांत जास्त मेहनत त्यांवरच घेतलेली असते. आतली गादी निघत असेल तर ती उचलून टाका आत उतरला आहे का ते पाहावे. टाच दाबावी. बूट वाकवून सोल व अंग यांच्या सांध्यात फट दिसते का ते पाहावे. सोल्युशनचा डोके धरणारा वास येत असेल तर ठेवून द्यावा. अस्सल बुटाची सगळी किंमत त्याच्या शिलाईत असते असेही समजू नये. नावाचे आणि जाहिरातीचे पैसे त्यात असतातच. ते परवडत नसतील तर कोणाचेही सोंग न घेतलेला साधा बूट घ्यावा. दुसऱ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बुटात मात्र सोळाशेपैकी बरेचसे पैसे सोंगाचेच असतात.

आणि हे सगळे परदेशी कंपन्यांच्या कळवळ्याने लिहितो आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरातील एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण सर्वांनी रास्त संताप केला. कंपनीला नंतर त्यांचे मूळ भारतात असल्याचे मान्य करावे लागले. पण वादीने शिवलेल्या चामडी कोल्हापुरीशेजारी रेक्झीनच्या ‘कोल्हापुरी’ आपल्याच बाजारात लागलेल्या असतात आणि आपणच त्या घासाघीस करून घेतो. मूळ कारागिराचे पोट दोन्ही ठिकाणी सारखेच मारले जाते.

त्या दिवशी निघताना काकांनी विचारले, “हे टाकून देणार का? ओळ आयतीच पडलीय. शिवून देतो.” साच्यातल्या त्या खोट्या ठशांवरूनच आरी फिरवत त्यांनी चहूबाजूंनी खरा दोरा घातला. एका जोडाचे दीडशे रुपये घेतले. भाचा आता ते बूट क्लासला घालून जातो. उड्या मारायला त्याने साधे कॅनव्हासचे बूट घेतले, आणि करंगळीपाशी घासते तिथे काकांकडून चामड्याचा तुकडा शिवून घेतला. अ‍ॅनहाइमच्या कंपनीला १९७७ साली जे सुचले, ते गल्लीच्या कोपऱ्यावर काकांनी पाच मिनिटांत केले. तो मित्रही आता त्याच्याशी बोलतो. आधी क्षमा कोणी मागितली, हे मी विचारले नाही.

यंदाच्या भाऊबिजेसाठी बूट घेऊन ठेवले आहेत. नाव फारसे कोणाला ठाऊक नसलेले, पण करंगळीपाशी चामडे आणि कडेला आत उतरलेला टाका असलेले, एकवीसशे रुपयांचे. घेण्यापूर्वी गादी उचलून पाहताना दुकानातला मुलगा माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत होता. आपल्याकडे भेटवस्तूवरची किंमत खोडून द्यायची रीत आहे. यंदा मी ती खोडलेली नाही, आणि खोक्यात सर्वांत वर पावती ठेवली आहे.